चिवराचं फडकं

मंगळवारी सकाळी तू उठला नाहीस. विहार झाडायला येणाऱ्या बायांनी दार वाजवलं, मग ढकललं. मग त्यांनी देवीच्या देवळातून मारोती महाराजांना बोलावून आणलं आणि महाराजांनी मला फोन केला. मी कळमनुरीहून निघाले. गोरेगावला उतरून जीप धरली. गावात पोचले तेव्हा तुला विहाराच्या सभागृहात आणून ठेवलं होतं.

'तू' लिहिताना हात अडखळतो आहे. तू भिक्खूचं चीवर अंगावर घेतलंस त्या दिवशी आईनं तुझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी तुझ्यापेक्षा मोठी. तुला कडेवर घेऊन मी शाळेत बसले आहे, तुझं नाक पुसलं आहे. तरी मी वाकले. त्या दिवशी आमचा दिल्या संपला आणि भंते सुरू झाले. लोकांसमोर मी तुला तुम्ही म्हणत आले आणि पुढं पुढं आपण दोघंच असलो तरी तेच तोंडात बसलं. तू मात्र मला अक्काच म्हणत राहिलास. भिक्खूनं बहिणीला काय म्हणावं याचा काही नियम असेल, तर तेवढा एक तू पाळला नाहीस. आता वाकायला तुझे पाय उरले नाहीत. या कागदापुरतं मला पुन्हा तू म्हणू दे.

तू कुठं शिकलास, कुठं कुठं वर्षावास केलेस, हे विहाराच्या फलकावर लिहिलं जाईल. लिहिणारे माझ्यापेक्षा बरे आहेत. मला आपला वाद पुरा करायचा आहे. तो तुझ्यामाझ्यात अर्धा राहिला, आणि उरलेला अर्धा तू माझ्या नकळत पुरा केला होतास, हे मला तुझी चिता पेटायच्या आधी कळलं.

वाद सुरू झाला त्या वर्षी भर श्रावणात पाऊस थांबला होता. ओढा तुटून त्याची डबकी झाली होती आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर आलं. घरात असेल ते भांडं भरून ठेवायचं, ही आपल्या गावाची रीतच. ड्रम, रांजण, घंगाळ, बिघडलेल्या कुलरची टाकी, सगळं काठोकाठ. बौद्ध वस्तीत तापाची माणसं वाढत चालली. थंडी वाजून ताप यायचा, घामानं अंथरूण भिजायचं, मग एक दिवस बरा आणि पुन्हा थंडी. उपकेंद्राच्या ताई बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेत फिरायच्या आणि लोक त्यांना बघून दार लोटून घ्यायचे. बोटाचं रक्त कुठं नेतात, कशाला नेतात, असल्या शंका होत्या.

म्हणून उपकेंद्रातून तुझ्याकडं निरोप आला. रविवारच्या वंदनेनंतर चार शब्द बोला, तुमचं ऐकतील. सोबत घोषणांचा कागद होता. मी त्या रविवारी गावातच होते. तू कागद वाचलास, घडी घातलीस आणि माईकवर सगळं नीट सांगितलंस. ताप आला की रक्त तपासून घ्या, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, मच्छरदाणीत झोपा, साठलेलं पाणी झाका. हा डास घाणीत नाही, चांगल्या पाण्यात अंडी घालतो, हेही सांगितलंस. आणि सगळ्यांसमोर स्वतःचं बोट ताईंपुढं धरलंस. त्या दिवशी वस्तीनं रांग लावून रक्त दिलं. कागदावरची पहिली ओळ मात्र तू वाचली नाहीस. ती होती, डास मारा.

माणसं पांगल्यावर मी कागद उलगडून तुझ्यापुढं धरला.

"भंते, एक ओळ राहिली."

"राहिली न्हाई अक्का, ठेवली."

"डास मारायचे नाहीत का मग?"

"मारणारे मारतातच की. त्याला माझं तोंड कशाला पाहिजे?"

मी हसले. मला ते पळवाटीसारखं वाटलं. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेली मी, वाद घालायचा तर पुस्तक उघडून घालणारी. पुढच्या खेपेला भिक्खूंचे नियम वाचून आले. त्यात एक नियम असा होता की पाण्यात जीव आहेत हे माहीत असताना भिक्खूनं ते पाणी मातीवर किंवा गवतावर ओतू नये, कुणाकडून ओतवूनही घेऊ नये. मी तुला विचारलं, उद्या विहाराच्या टाक्यात अळ्या झाल्या तर?

उद्याची गरजच नव्हती. त्या आधीच झालेल्या होत्या. तू मला मागच्या अंगाला नेलंस आणि तुझं गाळणं काढलंस. भिक्खूजवळ असाव्यात अशा ज्या आठ वस्तू असतात, त्यांतली ती एक, पाणी गाळायचं फडकं. तुझी चिवरं, पात्र, सुईदोरा, वस्तरा यांच्याबरोबर ते मी कितीदा बघितलं असेल, पण वापरताना कधी बघितलं नव्हतं. टाक्याचं पाणी तू तांब्यातांब्यानं गाळलंस. फडक्यात वळवळणारं जे काही उरलं ते थोड्या पाण्यात सोडून तो तांब्या घेऊन ओढ्याकडं निघालास. मी मागं मागं. ओढ्याच्या ज्या डोहात तू तांब्या उपडा केलास तिथं मासळी होती. पाणी जरा खळबळलं आणि शांत झालं.

मी म्हटलं, पंगत झकास झाली.

तू पण हसलास. "माशांचं माशांपाशी," म्हणालास. मग येताना वाटेत, न विचारता, म्हणालास, "अक्का, हाताला सवय लागू नये एवढंच बघतो मी. डासापासून सुरू होते ती."

"आणि माणूस मरायची वेळ आली तर?"

"तवाचं तवा बघू."

आपला वाद इथं थांबला. पुढं मी तो कितीदा तरी उकरून काढला, पण तू यापुढं कधी सरकला नाहीस.

ओलं गाळणं दोरीवर वाळत घालतानाच तुला ती गोष्ट सुचली. जे फडकं जीवाला पाण्यातून बाहेर काढतं तेच आधीपासून भांड्याच्या तोंडावर बांधून ठेवलं, तर जीव पाण्यात पडायचाच नाही. मारायला नको आणि गाळायला नको. विहाराच्या कपाटात चीवरदानातली जुनी चिवरं थप्पी लावून पडली होती. तुझ्या अंगावरची विरत आलेलीही त्यात होती. तू ती धुऊन वाळवून ड्रमच्या तोंडाच्या मापानं कापलीस. वस्तीतल्या शिवणाऱ्या पोरींनी कडेनं दुमड घालून नाडी ओवून दिली. चीवर भिक्खूसंघाला दिलेलं, ते परत आमच्या घरात कसं आणायचं, असं एकदोन म्हातारे कुरकुरले. तू त्यांना सांगितलंस की भिक्खूचं वस्त्र विरलं की त्याचं अंथरूण होतं, अंथरूण विरलं की पायपुसणं, पायपुसणं विरलं की धुळीचं फडकं, आणि तेही फाटलं की चिखलात कालवून भिंतीला लिंपायचं. ही जुन्या काळापासूनची चाल आहे. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांना पटलं असं आपल्याला वाटलं.

पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, तू एकेका घराला बोलावून ती फडकी स्वतःच्या हातानं दिलीस. लोकांनी ओंजळ पुढं करून घेतली, कपाळाला लावली. काही बायांनी डोळे मिटले. मी माझं कळमनुरीला नेलं आणि त्याच दिवशी ड्रमवर बांधलं. यात माझं शहाणपण काही नाही. माझ्या घरात बुद्धमूर्तीची फळीच नाही, पुस्तकांच्या आहेत.

कौशल्याबाईचं घर विहाराच्या पाठीशी. दोन म्हशी, एक गाय, मुलगा ट्रॅक्टरवर, आणि सून रेखा, जिला सातवा महिना लागलेला. रेखाला ताप आला. बाळंतपणाच्या आधीची कणकण असेल म्हणून कौशल्याबाईनं काढा दिला. ती थरथरायला लागली तेव्हा जीप करून गोरेगावला नेलं, तिथून हिंगोलीला. रेखा वाचली. पोटातलं लेकरू वाचलं नाही.

रेखाला घरी आणलं तेव्हा आपण दोघं गेलो होतो. रेखा भिंतीकडं तोंड करून निजली होती. कौशल्याबाईनं तुला वंदन केलं आणि हात धरल्यासारखं करून, हात न लावता, आत फळीजवळ नेलं. बुद्धमूर्तीशेजारी तुझ्या चिवराचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर चाफ्याचं फूल होतं. पुढं उदबत्तीची राख पडली होती. फळीच्या खाली, दाराजवळ, पाण्याचा ड्रम होता. उघडा.

"तुमच्या अंगावरचं वस्त्र घरात असून असं काहून झालं, भंते?"

तिनं हे तक्रारीनं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. तू बाहेर पडलास आणि शेजारच्या घरात गेलास, मग त्याच्या शेजारच्या. मी दारातूनच बघत होते. घरोघर तेच. फळीवर फडकं, त्यावर फूल, आणि खाली पाणी उघडं. एका घरी तर त्याला प्लॅस्टिकमध्ये घालून वर खिळ्याला टांगलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावाच्या हातून झाली नसती. ज्यांना कुणी कधी मान दिला नाही त्या माणसांनी तुला एवढा मान दिला होता की त्या मानापायी तुझं सांगणं मागं राहिलं.

पुढच्या रविवारी तू प्रवचन केलं नाहीस. वंदना झाली. सगळे वाट बघत बसले. बाहेर रात्रीची एक सर होऊन गेली होती आणि काळ्या मातीचा चिखल तुझ्या चपलांना थापला होता. तू पायरीवर बसलास. खांद्यावरची चिवराची घडी काढलीस. ती उलगडलीस आणि तिनं चपला पुसायला लागलास. एक चप्पल पुसून झाली तेव्हा कुणाला काही सुचलं नाही. तू दुसरी घेतलीस तेव्हा मागून एक म्हातारबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला.

"भंते, हे काय करून राहिले तुमी?"

तू मान वर केली नाहीस. टाचेखालचा चिखलसुद्धा खरवडून पुसलास. बायांमध्ये कुणीतरी रडत होतं. मग तू बादली घेतलीस, साबण मागितलास आणि ते वस्त्र सगळ्यांसमोर धुतलंस, पिळलंस आणि तारेवर टाकलंस. ते वाळेपर्यंत तू काही बोलला नाहीस आणि कुणी उठून गेलं नाही. वाळल्यावर ते हातात घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या कौशल्याबाईला विचारलंस, "मावशी, हे काय हाय?"

"चीवर."

"न्हाई. आता फडकं हाय. चीवर होतं तवर मी वापरलं. माझा मान फळीवर ठेवू नका. त्यानं एक लेकरू गेलं. ड्रमावर ठेवा."

मूर्तिपूजा, गुरुपूजा यांवर आयुष्यभर तुझ्याशी भांडत आलेली मी. पण त्या दिवशी तुझ्या हातातलं ते मळकं वस्त्र बघून माझ्या छातीत जे झालं ते कुठल्या पुस्तकाला विचारावं ते मला कळलं नाही. ते तुला कधी सांगितलंही नाही. आज सांगते. मला उठून तुझ्या हातातली चप्पल घ्यावीशी वाटत होती.

संध्याकाळपर्यंत वस्तीतले सगळे ड्रम झाकले गेले होते.

ही बातमी गावात जायला किती वेळ लागणार. मारोती महाराज दुसऱ्याच दिवशी आले. त्यांचं तुझं बोलणं म्हणजे एकमेकांना काढलेले चिमटेच. पायरीवर बसत म्हणाले, "काहून हो भंते, चिवरानं चपला पुसल्या म्हनं. आमच्यात मी असं केलं असतं तर लोकांनी मलाच देवळाच्या खांबाला बांधलं असतं."

तू विचारलंस, देवीला ओटीत आलेल्या साड्या किती साठल्यात?

"दोन पेट्या. उंदरं खाऊन राहिलेत."

"मग उंदरांच्या आधी गावाला द्या."

महाराज तेव्हा चहा पिऊन गेले. पण ताप काही वस्तीपुरता नव्हता, त्यांच्याही आळीत घरोघर माणसं निजून होती. शुक्रवारी देवीपुढं कीर्तनाला उभे राहिले आणि साड्यांच्या पेट्या सभेत आणवल्या. देवीची साडी ड्रमला बांधायची, असं ऐकून लोक चुळबुळले, तेव्हा त्यांनी जे विचारलं ते तू पुढं कितीदा तरी कौतुकानं सांगायचास. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी करून लेकरावर घालता ना, त्यानं आईचा अपमान होतो काय? ही तीच गोधडी. आई पाण्यावर घालून राहिली.

त्यानंतर विहाराच्या गच्चीवरून बघितलं की वस्तीतले ड्रम विटकरी आणि गावातले हिरवे, लाल, जरीच्या काठाचे. महाराज म्हणायचे, तुमच्याकडं रंगाची फारच तंगी, भंते. तू म्हणायचास, एक रंग असला की मळ लगेच दिसतो. तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती आणि मी ती बोलून दाखवली होती. देवीच्या नावानं झाकलेलं पाणी हे काही समजून झाकलेलं पाणी नव्हे. तू म्हणालास, पाणी झाकलेलं हाय ना, समज येईल मागून. हाही आपला एक वाद राहिलाच. खरं तर यात अजूनही मला तुझं पटलेलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यांत उपकेंद्राच्या ताई, तापाची माणसं कमी म्हणून, वस्तीतून लवकर परतू लागल्या, आणि आपल्या गावात पुन्हा कुठल्या बाईच्या पोटातलं लेकरू तापानं गेल्याचं मी ऐकलं नाही. एवढं पटण्यासाठी मला पुस्तक लागत नाही.

राहिला तो कौशल्याबाईचा हौद.

जनावरांचं पाणी झाकता येत नाही. गोठ्यापुढचा तिचा सिमेंटचा हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायला हवा होता. तळाला भोक आहे, त्यातला चिंधीचा बोळा ओढला की पाणी अंगणात जातं. मिनिटाचं काम. उपकेंद्राच्या ताईंनी सांगून बघितलं, मुलानं सांगितलं, आणि शेवटी तू सांगितलंस. ती उन्हात हौदाच्या काठाशी उभी होती. आत बारीक अळ्या पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला चिकटल्यासारख्या आडव्या तरंगत होत्या.

"भंते, तुमीच शिकवलं जीव घेऊ नये. एक जीव गेला माझ्या घरातला. आता अळीचाबी जीव माझ्या हातून नगं."

मला वाटलं, आता तू तिला समजावशील. झाकण्याचं, गाळण्याचं, ओढ्याचं काहीतरी सांगशील. पण एवढा हौद गाळणं शक्य नव्हतं, आणि ती जे बोलत होती ते अज्ञान नव्हतं. तू एवढंच म्हणालास, "बरं मावशी. तुम्ही नका काढू."

आणि वाकून तू बोळा ओढलास. पाणी मातीत गेलं. कौशल्याबाई तोंड फिरवून गोठ्यात गेली.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेनंतर तू तिच्या अंगणात जायचास. मी गावी असले की बघायचे. विहाराच्या दारात उभी राहून मी तुला चिडवायचे, नियमाचं काय झालं हो भंते? तू हात धुवायचास, हसायचास आणि म्हणायचास, ऊन झालं अक्का, आत बस. मला वाटायचं, वादात हरलास म्हणून विषय बदलतोस. मागच्या महिन्यात आपली शेवटची भेट झाली तेव्हाही मी तेच उकरलं. म्हटलं, तवाचं तवा बघू म्हणाला होतात, बघितलं का मग? तू म्हणालास, "बघतोय." आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागलास.

तुझ्या अंत्यविधीला वसमतकडचे थोरले भंते आले होते. पौर्णिमेला आणि अमावास्येला तू त्यांच्याकडं जायचास हे मला माहीत होतं. उपोसथाला भिक्खू एकत्र जमतात, आणि त्याआधी पंधरवड्यात आपल्या हातून घडलेला दोष दुसऱ्या भिक्खूपाशी बोलून दाखवतात, हेही वाचून माहीत होतं. तुझ्यापाशी बोलून दाखवण्यासारखं काय असेल, हे मात्र मनात कधी आलं नव्हतं.

लाकडं रचली जात होती. थोरले भंते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, मोठा दोष असता तर बोललो नसतो. बारका आहे, आणि तुम्ही बहीण आहात. तो दर वेळी एकच दोष सांगायचा. जीव असलेलं पाणी जाणूनबुजून मातीवर ओतलं.

मी विचारलं, दर वेळी?

ते म्हणाले, "दर वेळी. दोष सांगितला की पुढं सांभाळीन, असं म्हणावं लागतं. तिथं त्याचा शब्द अडकायचा. रविवारी पुन्हा ओतायचं हे त्याला माहीत असायचं. मी एकदा रागावलो, म्हटलं, मग ओतू नका, दुसऱ्या कुणाला सांगा. तर म्हणाला, सांगितलं तरी दोष तोच. आणि ज्या बाईला सांगायचं तिच्या घरातलं लेकरू गेलंय. मला नियम आहे, तिला दुःख आहे. नियम मोडला तर कबूल तरी करता येतो."

मी चितेकडं बघत बसले. दिल्या, आपला वाद तू सोडवला होतास. माझ्या बाजूनं सोडवला होतास. माणसाच्या जिवापुढं अळीचा जीव बाजूला ठेवायचा, हेच मी म्हणत आले आणि तू तेच करत आलास. मी जिंकले होते आणि तू मला सांगितलं नाहीस. जिंकल्यावर मी काय केलं असतं ते तुला ठाऊक होतं. मी हसले असते, पुस्तक मिटलं असतं आणि विषय संपला असता. मी म्हणत होते की यात काही विशेष नाही. तू ते केलंस, पण त्यात काही विशेष नाही असं स्वतःला कधी म्हणू दिलं नाहीस. पंधरा-पंधरा दिवसांनी दुसऱ्यापुढं उकिडवं बसून, हात जोडून, त्या अळ्यांचं नाव घेत राहिलास. त्यांचं नाव घेणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

त्या रविवारांचे माझे टोमणे आठवतात. तू ते ऐकून घेतलेस याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आत बस, ऊन झालं, म्हणालास त्याबद्दलही.

सगळं आटोपल्यावर थोरल्या भंतेंनी तुझ्या आठ वस्तू समोर मांडल्या. भिक्खूचं जे असतं ते संघाचं. तरी त्यांनी गाळणं उचलून मला विचारलं, आठवण म्हणून ठेवता का? हात पुढं झाला होता माझा. मग मला माझ्या घरातली पुस्तकांची फळी दिसली, आणि त्या फळीवर, दोन जाड ग्रंथांच्या मधे, घडी करून ठेवलेलं तुझं गाळणं दिसलं. त्यावर फूल ठेवलं नसतं एवढंच. मी म्हटलं, नको भंते, ज्याला पाणी गाळायचं आहे अशा कुणाला द्या. त्यांनी ते आपल्या झोळीत ठेवलं.

रविवारी मी पुन्हा गावी आले. हौदाचं काम आता कुणीतरी करायला हवं होतं आणि मला ना नियम आहे ना कौशल्याबाईसारखं दुःख, म्हणून ते आपणच करावं असं ठरवून आले होते. विहारात वंदना झाली. तुझ्या आसनावर कुणी नव्हतं. मी मागच्या वाटेनं कौशल्याबाईच्या अंगणात गेले.

माती ओली होती. बोळा हौदाच्या काठावर वाळत ठेवला होता. कौशल्याबाई आत उतरून नारळाच्या शेंडीनं भिंती घासत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही. थोरल्या भंतेंनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. मी फक्त म्हटलं, मावशी, तुमच्यानं होत नव्हतं ना हे?

"न्हाईच होत," ती म्हणाली. "पर भंते काढायचे तवा त्यांचे ओठ हलायचे. म्या गोठ्यातून बघायची. कायतरी पुटपुटायचे त्या पान्याला. तसं म्या बी पुटपुटले."

"काय म्हणालात?"

"माफी मागितली. दुसरं काय म्हनणार?"

बाहेरच्या भिंतीला शेवाळ धरलं होतं. मी पदर खोचून खाली बसले आणि तिनं दिलेली दुसरी शेंडी घेऊन घासायला लागले. रेखा चहा घेऊन आली. तिच्या मागं तिची मुलगी होती, चालायला नुकतीच लागलेली, चिखलात पाय आपटत. तिला कुणी हटकलं नाही.

आता कळमनुरीला घरी बसून हे लिहिते आहे. माझ्या ड्रमवर तुझ्या चिवराचं फडकं आहे. नाडी सैल झाली होती, ती सकाळी घट्ट केली. कौशल्याबाईचा आणि माझा ठराव झाला आहे, एक रविवार तिचा, एक माझा. येणारा रविवार माझा आहे.